स्पीडबोट पाण्यावर 'उचलली' कशी जाते? आणि अर्ध्या वेगात चालवली की पेट्रोल जास्त का लागतं?

गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला जाणाऱ्या स्पीडबोटीत, मालवणात किंवा गोव्यात वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीत बसला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. बोट सुटते, इंजिन जोरात ओरडतं, पुढचं टोक आभाळाकडे जातं आणि काही सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. मग अचानक नाक खाली येतं, बोट सपाट होते, इंजिनाचा आवाज जरा मोकळा होतो आणि वेग झपकन वाढतो.

या क्षणाला बोटवाले 'बोट प्लेनवर आली' असं म्हणतात. इथला प्लेन म्हणजे विमान नाही, प्लेनिंग. म्हणजे बोटीने पाणी कापत जाणं सोडून पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणं.

आता गंमत बघा. गाडी हळू चालवली तर इंधन वाचतं, हे आपल्याला माहिती आहे. स्पीडबोटीत मात्र 'ना धड हळू, ना धड जोरात' असा वेग ठेवला तर प्रत्येक किलोमीटरला सगळ्यात जास्त पेट्रोल जळू शकतं. वर समोरचं दिसत नाही, ते वेगळंच. त्यामुळे बोट नीट प्लेनवर आणणं आणि तिथेच टिकवणं हा पेट्रोलच्या बिलाचा विषय आहे, तसाच सुरक्षिततेचाही.

हे सगळं नेमकं कसं होतं, सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी हे बघू, साधी बोट किती वेगात जाऊ शकते?

उभी असलेली कोणतीही बोट आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते. बोटीचं जेवढं वजन, तेवढ्या वजनाचं पाणी ती बाजूला सारते. चालायला लागली की तिला सतत समोरचं पाणी ढकलून वाट काढावी लागते आणि त्यातून लाटा तयार होतात. एक लाट पुढच्या टोकाशी, दुसरी तिच्या मागे.

वेग वाढला की या दोन लाटांमधलं अंतर वाढतं. एका टप्प्यावर ते अंतर पाण्याला टेकलेल्या बोटीच्या लांबीइतकं होतं. पुढचं टोक एका लाटेच्या माथ्यावर आणि मागचा भाग दुसऱ्या लाटेच्या माथ्यावर. याहून वेग वाढवला की मागची लाट बोटीच्या मागे निसटते, बोटीचा पार्श्वभाग दोन लाटांमधल्या खड्ड्यात बसतो आणि बोट स्वतःच तयार केलेल्या लाटेचा चढ चढत राहते.

या मर्यादेचं एक ढोबळ सूत्र आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. २५ फुटांच्या बोटीसाठी ५ गुणिले १.३४, म्हणजे ६.७ नॉट. ताशी साधारण १२ किलोमीटर.

गेटवेवरून एलिफंटाला जाणाऱ्या लाकडी लाँचला साधारण १० किलोमीटरसाठी जवळपास तास लागतो, त्याचं मोठं कारण हेच. त्या लाँचचा आकार पाणी सारत जाण्यासाठी बनलेला आहे. तिला दुप्पट ताकदीचं इंजिन लावलं तरी ती स्पीडबोट होणार नाही. लाट मोठी होईल आणि डिझेल जास्त जळेल, एवढंच.

मग स्पीडबोट ही मर्यादा कशी ओलांडते?

चपटा दगड तिरका फेकला की तो पाण्यावर टप्पे खात जातो. दगड तरंगत नाही, पण वेग असेपर्यंत बुडतही नाही. कारण त्याची तिरकी बाजू पाण्याला खाली ढकलते आणि पाणी त्याला वर ढकलतं.

स्पीडबोटीचा तळ नेमकं हेच काम करतो. मागच्या बाजूला तो बराच सपाट असतो आणि शेवटी एकदम कापल्यासारखा संपतो. बोट थोडी नाक वर करून वेगात गेली की तळाखालचं पाणी खाली दाबलं जातं आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बोट वर उचलली जाते. वजनाचा मोठा भाग आता तरंगण्याने नाही, तर या दाबाने पेलला जातो. पाण्यात बुडालेला भाग कमी होतो आणि मागे येणारी मोठी लाटही आवरते.

पण या दोन अवस्थांच्या मध्ये एक चढ आहे. त्याला 'हंप' म्हणतात. बोट तरंगण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते, पण उचलली जाण्याइतका वेग आलेला नसतो. नाक वर, मागचा भाग खोल आणि मागे भलीमोठी लाट. लहान स्पीडबोटींमध्ये ही अवस्था साधारण ८ ते १४ नॉटच्या आसपास येते. बोटीची लांबी आणि वजन यांप्रमाणे ती बदलते.

ही कल्पना एका पाद्र्याची

१८७२ च्या सुमारास इंग्लंडमधले चार्ल्स मीड रॅमस नावाचे एक पाद्री ब्रिटिश नौदलाकडे एक कल्पना घेऊन गेले. तळाला पायरी असलेलं जहाज बनवलं तर ते वेगात पाण्यावर उचललं जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. नौदलाने ही कल्पना तपासायचं काम विल्यम फ्रूड यांना दिलं. जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून त्यांना होणारा विरोध मोजायची शास्त्रीय पद्धत याच फ्रूड यांनी घालून दिली.

फ्रूड यांचा निष्कर्ष नकारार्थी होता. कल्पनेत तथ्य होतं, पण त्या काळची वाफेची इंजिनं इतकी जड होती की जहाजाला त्या वेगापर्यंत नेणं शक्यच नव्हतं. पुढे हलकी पेट्रोल इंजिनं आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेनिंग बोटी प्रत्यक्षात धावू लागल्या.

१९६० मध्ये आणखी एक वळण आलं. अमेरिकेतल्या मायामी ते नासाउ या खुल्या समुद्रातल्या शर्यतीत 'मॉपी' नावाची बोट जिंकली. रे हंट यांनी आखलेल्या या बोटीचा तळ सपाट नव्हता, तर मागच्या टोकापर्यंत खोल इंग्रजी 'व्ही'सारखा होता. सपाट तळ लवकर प्लेनवर येतो, पण लाटांवर आपटतो. व्ही तळ लाट कापतो, त्यामुळे हादरे कमी बसतात. बदल्यात त्याला उचलायला जास्त ताकद लागते. आजच्या बहुतेक स्पीडबोटी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

पेट्रोलचं गणित: एक उदाहरण

समजा २२ फुटांची, १५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन असलेली बोट आहे आणि तिला १० सागरी मैल जायचं आहे. हिशेब समजावा म्हणून खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक बोटीचे आकडे वेगळे असतील, पण चित्र साधारण असंच दिसतं.

- ५ नॉट: तासाला ५ लिटर. प्रवास २ तासांचा, एकूण १० लिटर.
- १० नॉट: तासाला २० लिटर. प्रवास १ तासाचा, एकूण २० लिटर.
- २२ नॉट: तासाला ३० लिटर. प्रवास २७ मिनिटांचा, एकूण साधारण १३.६ लिटर.
- ३४ नॉट: तासाला ५७ लिटर. प्रवास साधारण १८ मिनिटांचा, एकूण साधारण १६.८ लिटर.

सगळ्यात वाईट सौदा कोणता? १० नॉटचा. वेळही जास्त आणि पेट्रोलही जास्त. बोट हंपवर अडकली आहे.

२२ वरून ३४ नॉटवर गेलात तर १० मिनिटंही वाचत नाहीत आणि ३ लिटर पेट्रोल जास्त जातं. म्हणजे फायद्याचे वेग दोनच. एकतर खरोखर हळू, नाहीतर बोट आरामात प्लेनवर टिकेल असा मधला वेग. यालाच क्रूझिंग स्पीड म्हणतात.

आपल्या बोटीसाठी तो वेग शोधायची पद्धत सोपी आहे. जीपीएसवर वेग बघायचा, इंजिनाच्या मीटरवर तासाला किती लिटर जातात ते बघायचं आणि भागाकार करायचा. लिटर भागिले नॉट. दर ५०० आरपीएमला एक नोंद घ्यायची. प्रवाहाचा परिणाम निघून जावा म्हणून तेच अंतर उलट दिशेनेही जायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. प्लेनिंगच्या टप्प्यात ज्या आरपीएमला सगळ्यात लहान आकडा मिळेल, तो आपला वेग.

नाक किती वर हवं? ३ ते ५ अंशांचा खेळ

प्लेनिंगचा खरा जीव या कोनात आहे. याला ट्रिम म्हणतात.

२,००० किलो वजनाची बोट घ्या. तळ पाण्याशी ४ अंशांचा कोन करत असेल तर केवळ त्या तिरकेपणामुळे मागे ओढणारा जोर साधारण १४० किलोचा असतो. कोन ८ अंश झाला तर हाच जोर २८० किलोच्या आसपास जातो. सरळ दुप्पट.

मग कोन २ अंश का ठेवू नये? जोर ७० किलोवर येईल की! पण कोन कमी केला की तेवढंच वजन पेलायला तळाचा जास्त भाग पाण्यात टेकवावा लागतो आणि पाण्याचं घर्षण वाढतं. म्हणजे एका बाजूने वाचलेलं दुसऱ्या बाजूने जातं. या दोन्हींचा मेळ साधारण ३ ते ५ अंशांमध्ये बसतो. प्लेनिंग बोटीला लागणारी ताकद आणि हा कोन काढायची पद्धत अमेरिकन संशोधक डॅनियल सावित्स्की यांनी १९६४ मध्ये मांडली. बोटी आखणारे आजही तिचा आधार घेतात.

प्रत्यक्षात चालवायचं कसं?

आउटबोर्ड इंजिन असलेल्या बोटीत थ्रॉटलच्या दांड्यावर ट्रिमचं बटण असतं. त्याने इंजिनाचा पाय बोटीकडे आत किंवा बोटीपासून बाहेर सरकतो. आत घेतला की नाक खाली दबतं, बाहेर सोडला की नाक उचललं जातं.

- सुरुवात: इंजिन पूर्ण आत. पुढे-मागे कोणी नाही ना, सगळे बसले आहेत ना, हे बघायचं आणि मग थ्रॉटल ठामपणे पुढे. दबकत दबकत वेग वाढवला की बोट हंपवरच रेंगाळते.
- चढ ओलांडला: नाक खाली आलं, समोरचं दिसायला लागलं की थ्रॉटल मागे घ्यायचा. हंप ओलांडायला जेवढी ताकद लागते, त्याहून बरीच कमी ताकद प्लेनवर टिकून राहायला पुरते. तरीही थ्रॉटल तसाच ठेवला तर पेट्रोल फुकट जातं.
- क्रूझिंग: आता थ्रॉटल न हलवता ट्रिम थोडं थोडं बाहेर. जीपीएसवर वेग वाढताना दिसेल, स्टिअरिंग हलकं होईल आणि बाजूने उडणारं पाणी मागे सरकेल. म्हणजे तळाचा कमी भाग ओला होतोय.
- पुरे कधी? नाक लयीत वर-खाली डोलायला लागलं, किंवा आरपीएम वाढले पण वेग नाही, तर ट्रिम जास्त झालं. थोडं आत घ्या.

दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा इंजिनाच्या पंख्यात पृष्ठभागावरची हवा शिरलेली असते. पंखा पाण्याऐवजी फेसात फिरतो. वळण घेतानाही असं होतं, म्हणून जोरात वळण्याआधी ट्रिम आत घ्यायचं असतं.

समुद्र खवळलेला असेल तर नियम बदलतात. समोरून लहान लाटा येत असतील तर नाक जरा खाली ठेवायचं, म्हणजे व्ही आकाराचा पुढचा भाग लाट कापतो. पण लाटा मागून येत असतील तर नाक खाली ठेवणं धोक्याचं. टोक पुढच्या लाटेत रुतून बोट आडवी फिरू शकते.

काही बोटींना मागे दोन लहान पट्ट्या असतात, त्यांना ट्रिम टॅब म्हणतात. त्या खाली केल्या की मागचा भाग उचलला जातो आणि बोट कमी वेगात प्लेनवर येते. एका बाजूला माणसं जास्त असतील तर एकच पट्टी खाली करून बोट समतोल करता येते. पण प्लेनवर आल्यावरही त्या पूर्ण खाली ठेवल्या तर त्याच विरोध वाढवतात.

बोट उचललीच जात नाही, तर दोष कुठे?

इंजिन कमी पडतंय, नवीन घ्या, असं म्हणण्याआधी चार गोष्टी बघायला हव्यात.

१. वजन. प्लेनिंगमध्ये प्रत्येक किलो उचलावा लागतो. २०० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास १५० किलो. तळात साचलेलं १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि ते मागेच जमतं. बरेचदा माणसं, पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर असं सगळं मागे असतं. मग नाक खाली यायलाच तयार नसतं. निघताना बोटवाला 'दोघं जरा पुढे या' असं म्हणतो, ते यासाठी. परवान्यात लिहिलेल्या प्रवासीसंख्येपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये, याचं हे आणखी एक कारण.

२. तळ. पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटतात. हे बार्नेकल म्हणजे कडक कवचाचे इवलेसे जीव. प्लेनवर असताना पाणी तळाला घासत वेगाने मागे जातं, तेव्हा हा खडबडीतपणा नॉटच्या नॉट खातो. तीच बोट, तेच इंजिन, पण तळ घासल्यावर पुन्हा पूर्वीसारखी पळते.

३. पंखा. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा एका फेरीत सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे सरकेल. पाणी घट्ट नसल्याने तो प्रत्यक्षात थोडा कमीच सरकतो. चांगल्या प्लेनिंग बोटीत ही घसर साधारण १० ते १५ टक्के असते.

पिच जास्त असणं म्हणजे गाडी कायम वरच्या गिअरमध्ये ठेवणं. बोट उठायला वेळ लावते आणि इंजिनावर ताण येतो. पिच फार कमी असेल तर बोट पटकन उठते, पण इंजिन उगाच जास्त फिरतं. तपासायची खूण अशी: नेहमीचं वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या मर्यादेत पोहोचायला हवं. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांसाठी ती ५,००० ते ६,००० असते. पोहोचत नसेल तर पिच कमी करायची. १ इंच पिचने साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. पंख्याची कड वाकली किंवा तुटली असेल तर हा सगळा हिशेब बिघडतो.

४. इंजिनाची उंची. पंख्याच्या वर एक आडवी प्लेट असते. बोट प्लेनवर असताना ती साधारण पाण्याच्या पातळीला हवी. इंजिन फार खाली बसवलं असेल तर त्याचा पाय उगाच पाणी ओढतो. फार वर असेल तर पंखा हवा खातो.

वेग हा विषय इथेच संपत नाही

२२ नॉट म्हणजे ताशी जवळपास ४१ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग किरकोळ वाटतो. पण बोटीला ब्रेक नसतात आणि १० सेकंदांत ती ११० मीटरहून जास्त अंतर कापते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळच्या समुद्रात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात १५ जणांचा जीव गेला. वेगवान बोट आणि गर्दीचा जलमार्ग एकत्र आले की काय होऊ शकतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून काही गोष्टी प्रवासी म्हणूनही माहीत हव्यात. हंपवर असताना चालकाला समोरचं दिसत नाही, त्यामुळे जेट्टीजवळ किंवा पोहणाऱ्यांजवळ बोट प्लेनवर आणणं चूकच. तिथे एकदम हळू जायचं, कारण अर्धवट वेगातली बोटच सगळ्यात मोठी लाट काढते आणि शेजारच्या होड्या हेलकावतात.

थांबतानाही थ्रॉटल एकदम बंद करायचा नसतो. बोट खाली बसते, पण तिने मागे काढलेली लाट येतच असते. ती मागून चढून आत पाणी घालू शकते.

आणि चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली ती लाल दोरी? तो किल स्विच. चालक पडला तर दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. ती तशीच लटकत असेल तर बिनधास्त सांगा, 'दादा, दोरी लावा.' लाइफ जॅकेटही नुसतं अडकवायचं नाही, त्याचे पट्टे लावायचे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर

- फायद्याचे वेग दोनच, खरोखर हळू किंवा नीट प्लेनवर. मधला वेग खिशालाही महाग आणि सुरक्षिततेलाही.
- उठताना ट्रिम आत आणि थ्रॉटल ठाम. उठल्यावर थ्रॉटल मागे आणि ट्रिम हळूहळू बाहेर.
- वजन कमी आणि नीट वाटलेलं, तळ स्वच्छ, पंखा योग्य. हे जमलं तर नवीन इंजिनाची गरज बहुतेक वेळा पडत नाही.
- सगळ्यात किफायतशीर वेग किती, हे कंपनीचं माहितीपत्रक सांगत नाही. आपली बोट, आपलं वजन आणि आपल्या समुद्रात घेतलेल्या नोंदीच ते सांगतात.

पुढच्या वेळी मांडव्याला जाताना बोटीचं नाक खाली येईल, तेव्हा शेजारच्याला सांगा, 'बघ, आता आपण तरंगत नाही आहोत, घसरतोय!'